उकंडभाऊंची भावंडं

उकंडभाऊंना “तुम्ही भावंडं किती?” असं चुकूनही विचारू नये. विचारलं की ते जराही न अडखळता सांगतात, “आमी चार.” आता चार म्हटल्यावर माणूस पुढं विचारणारच ना, की बाकीचे तिघं कुठं असतात? त्यावर उकंडभाऊ चष्मा काढतात, शर्टाच्या टोकानं पुसतात, परत नाकावर ठेवतात आणि म्हणतात, “मी सगळ्यायत लहान.” झालं. उत्तर संपलं. विचारणारा आपला उभा.

आमच्या आरोग्य केंद्रात या तिघांबद्दल ज्याचं त्याचं मत आहे. गाडीवरचा ड्रायव्हर शपथेवर सांगतो की एक भाऊ वणीला कोळशाच्या खाणीत आहे. शिपाई म्हणतो, एक भाऊ साधू होऊन निघून गेला. मला वाटायचं, शेतीच्या वाटणीवरून बिनसलं असेल, आणखी काय! उकंडभाऊंच्या मुलीचं लग्न निघालं तेव्हा आम्ही सगळे आहेराची पाकिटं घेऊन गेलो ते खरं म्हणजे ही भावंडं बघायलाच. मांडवात काका म्हणून शेजारचे मास्तर उभे होते. मी हळूच वहिनींना विचारलं, “भाऊंचे भाऊ-बहीण नाही आले?” वहिनींनी माझ्या पानात आणखी एक जिलबी टाकली आणि म्हणाल्या, “त्याईलेच इचार बाई.” म्हणजे पुन्हा चष्मा पुसणं आलं. मी जिलबी खाल्ली.

मी स्वतः यवतमाळची. कळंब तालुक्यातल्या या केंद्रात डाटा एन्ट्री ऑपरेटर आहे, कंत्राटी. उकंडभाऊ आरोग्य सहायक, निवृत्तीला टेकलेले. कुठल्या गावात कोण गरोदर आहे, कोण बाळंत झाली, लेकरू कसं आहे, कोण जन्मलं, कोण गेलं, हे सगळं गोळा करून त्यांनी मला सांगायचं आणि मी ते संगणकात भरायचं. ऐकायला किती सोपं! पण उकंडभाऊ सांगतात म्हटल्यावर ते सोपं कसं राहील?

संगणकाला ते टीव्ही म्हणतात. माझ्या खोलीत येताना चपला बाहेर काढतात, टीव्हीसमोर हात मागं बांधून उभे राहतात आणि आत कोणी बसलंय असं समजून हळू आवाजात बोलतात. नवीन माणूस दिसला की नमस्कार-चमत्कार काही नाही, थेट प्रश्न, “कुठं मोजलं तुमाले?” म्हणजे तुमचा जन्म कुठं नोंदला. जिल्ह्याहून तपासणीला मोठे साहेब आले होते, त्यांनाही विचारलं. साहेब गोंधळून म्हणाले, “माझी उंची का?”

आणि दुसरं म्हणजे हद्द. “हद्द पाहा आधी,” हे त्यांचं पालुपद. एकदा पलीकडच्या गावची एक बाई ताप घेऊन दवाखान्यात आली. तिनं आपली बकरी बाहेर निंबाला बांधली होती, आणि ती बकरी तिथंच व्याली. आमचे उकंडभाऊ तिच्यासमोर उकिडवे बसले. “बकरी तुमच्या गावची, बरोबर. पन पिल्लू झालं आमच्या हद्दीत. आता हे कोनाकडं मोजाचं?”

“माह्याकडं मोजा ना बाप्पा, बकरी माही हाय,” बाई म्हणाली.

“तसं नाई होत. जिथं झालं थेही मोजते आनी जिथली माय हाय थेही मोजते, तं एकाचे दोन होते. आनी दोघंबी म्हनले का तिकडं मोजलं असन, तं एकाचं सुन्न होते.”

“काय होते?”

“सुन्न. म्हंजे झालंच नाई.”

बाईनं पिल्लाकडं पाहिलं. ते तर धडपडत उभं राहून दूध पीत होतं. तेवढ्यात “कोण बाळंत झालं?” करत डॉक्टर हातमोजे घालून बाहेर आले, आणि बकरी बघून जे आत गेले ते दुपारपर्यंत बाहेर आले नाहीत. मी मात्र हसून हसून बेजार झाले. तेव्हा मला ही या माणसाची गंमत वाटायची. गंमत नव्हती ती, हे कळायला पल्लवी यावी लागली.

म्हणजे पल्लवी आलीच नाही. हाच तर घोळ होता.

आमच्याकडं असं आहे की एखाद्या गरोदर बाईची तारीख उलटून गेली आणि बाळंतपणाची नोंद पडली नाही, की टीव्हीवर, हे बघा मीही टीव्हीच म्हणायला लागले, तिची ओळ लाल होते. एका सकाळी पल्लवीची ओळ लाल झाली. मी आमच्या आशा वंदनाताईंना विचारलं. आशा म्हणजे गावातलीच बाई, घरोघरी जाऊन गरोदर बायांकडं लक्ष ठेवते. वंदनाताई म्हणाल्या, “थे तं माहेरी गेली, केळापूरकडं. पयलं बाळंतपन हाय ना तिचं. फोन लागून नाई राह्यला. आनी म्याडम, सोनोग्राफीत डॉक्टरनं दोन सांगतले होते बरं का तिले.”

जुळं! उकंडभाऊंचा चेहराच उतरला. “दोन हाय आनी पत्ता नाई?”

आढावा बैठक तोंडावर आली होती. लाल ओळ दिसली की तालुक्याहून बोलणी बसतात. मी म्हटलं, भाऊ, यात ‘स्थलांतरित’ म्हणून एक बटण आहे. ते दाबू, ओळ जाईल, विषय संपेल.

“ओळ जाईन. बाई कुठं गेली?”

“माहेरी गेली, भाऊ! सगळ्या जातात!”

“गेली हे मालूम हाय. पोहोचली का? तिच्या पोटात दोन जीव हाय म्याडम, थे काय बटन दाबून जातेत?”

मी चिडले. चिडून जेवायला गेले. परत येऊन बघते तर पल्लवीच्या दोन ओळी. दोन्ही लाल! मी नसताना उकंडभाऊंनी एका बोटानं पल्लवीची नोंद आणखी एकदा भरून ठेवली होती. का, तर “एक पुसली गेली तं एक राहीन.” आता बोला. दुपारी तालुक्याहून फोन आला की तुमच्या केंद्रात गरोदर माता वाढल्या कशा? मी कपाळावर हात मारून घेतला.

मग उकंडभाऊंनी माहेरकडच्या दवाखान्याला फोन लावला. तिकडची सिस्टर म्हणाली, पल्लवी नावाची कोणी बाई आमच्याकडं नाही. कळंबकडच्या गजाननची बायको म्हटलं तर एक आहे, पण तिचं नाव मंदा. बाळंत होऊन घरी गेली, मुलगी झाली, लेकरू बेस आहे. उकंडभाऊंनी फोन ठेवला आणि माझ्याकडं असं बघितलं की मला वाटलं कोणी गेलंच.

“म्याडम,” ते म्हणाले, “गजाननच्या दोन बायका हाय.”

गजानन म्हणजे पल्लवीचा नवरा. साधा पोरगा, कापसाच्या वावरातून तसाच बोलावणं आलं म्हणून धावत आला, अंगावर सगळी बोंडाची धूळ. उकंडभाऊंनी त्याला बाकावर बसवलं, दार लोटलं.

“गजानन, मी तुह्या बापासारका. खरं सांग. बायका किती तुले?”

“एकच हाय ना भाऊ. थेही माहेरी हाय.”

“पल्लवी कोन?”

“बायको.”

“आनी मंदा?”

“बायको.”

“मंग झाल्या ना बे दोन!”

गजाननला घाम फुटला. वंदनाताई तोंडाला पदर लावून खिडकीकडं वळल्या. मीच मधे पडले. तर भानगड ही, की लग्नात गजाननच्या घरच्यांनी तिचं नाव बदललं. ताटातल्या तांदळावर गजाननानं अंगठीनं पल्लवी असं लिहिलं, आणि इकडं ती पल्लवी झाली. पण आधार कार्डावर मंदाच राहिली, कारण ते बदलायला जायला कोणाला सवड? त्यामुळं आमच्याकडं गरोदर झाली ती पल्लवी, तिकडं बाळंत झाली ती मंदा. पल्लवी अजून गरोदरच, आणि मंदा गरोदर न राहताच बाळंत! वर उकंडभाऊंनी भरलेली तिसरी.

मला इतकं हायसं वाटलं म्हणून सांगू! म्हटलं, भाऊ, सुटलं. तीन आया पुसून एक करते, एक लेकरू लावते, लाल ओळ गायब. मी भराभर भरायलाही लागले.

“आनी दुसरं?” उकंडभाऊ म्हणाले.

“दुसरं काय?”

“दोन सांगतले होते ना डॉक्टरनं.”

आम्ही सगळे गजाननकडं बघायला लागलो. त्यानं मान खाली घातली, हातातलं फडकं पिळलं. “आमाले एकच झालं,” एवढं म्हणाला आणि उठून चालायला लागला. जाताना चहालाही थांबला नाही.

मी म्हटलं, जाऊ द्या भाऊ. सोनोग्राफीवाल्याचं चुकलं असेल. तसं खरंच झालं असतं तर मला बरं वाटलं असतं. पण उकंडभाऊ कपाटातून पिशवी काढत होते. “चाला म्याडम. केळापूरकडं जाले पांढरकवड्याची गाडी भेटते आता.”

“मी कशाला?”

“बाळंतिनीच्या घरात मी एकटा बुढा जाऊन काय बोलू? बाईमानूस पायजे.”

गेले. काय करता! एसटीत त्यांनी माझ्या पलीकडच्या माणसाला “कुठं मोजलं तुमाले?” विचारून झालं, कंडक्टरला एका बाईच्या मांडीवरचं पोर गाडीत मोजता का ते विचारून झालं, आणि मग पांढरकवड्यापर्यंत ते खिडकीबाहेर बघत बसले. मला राग आला होता, भूक लागली होती, आणि आपण नक्की काय शोधायला चाललोय तेच कळत नव्हतं.

मंदाचं माहेर म्हणजे दोन खोल्या आणि पुढं मोठं आंगण. आंगणात तिची आजी शेगडीवर ओवा टाकून लेकराच्या दुपट्याला धुरी देत होती. मंदा आत खाटेवर, कानाला फडकं बांधून, कुशीत चिमुकली मुलगी. पोर कशी छान, डोकंभर जावळ! मी तिला हातात घेतलं. मंदा माझ्याकडं बघत होती, पण बघत नव्हती.

उकंडभाऊ दाराबाहेरच बसले, उंबऱ्याला लागून. तिथूनच त्यांनी विचारलं, “माय, लेकरं किती झाले?”

मंदा काही बोलायच्या आत आजीचा आवाज आला. “एक. पोरगी. दवाखान्यात लिवलं हाय. आता आनखी कायले लिवता?”

“डॉक्टरनं दोन सांगतले होते, आजी.”

“डॉक्टर काय देव हाय काय? एक झालं म्हनलं ना! लिवून घ्या आनी जा. पोरगी दूध पिते, चांगली हाय, तिले नजर नोका लावू.”

मंदानं तोंड भिंतीकडं फिरवलं. तिचे खांदे हलताना मला दिसले आणि मला सगळं समजलं. मला तिथून उठून पळून जावंसं वाटत होतं.

मग मंदाची आई चुलीपुढून उठून आली आणि तिनंच सांगितलं, आजीची नजर चुकवत. कळा लवकर सुरू झाल्या. शेजाऱ्याची जीप केली. वाटेत नाल्यापाशी पहिलं लेकरू जीपमध्येच झालं. पोरगा. रडला, चांगला रडला. पण दवाखाना येईस्तोवर निपचित पडला. मंदाच्या बापानं त्याला पंच्यात गुंडाळलं आणि तसाच मागं फिरला. मंदा दवाखान्यात पोहोचली तेव्हा दुसरी वाटेवरच होती. तिथं जी झाली ती त्यांनी लिहिली. वाटेत जे झालं ते कोणी विचारलं नाही आणि यांनी सांगितलं नाही. आजीनं सगळ्यांना तंबी दिली, त्याचं नाव काढायचं नाही. म्हणजे पोरगी विसरेल, आणि जी आहे तिला संभाळेल.

“मंग काय चुकलं माहं?” आजी म्हणाली. आता तिचा आवाज तेवढा चढा नव्हता. “ज्यानं माय पाह्यली नाई, बाप पाह्यला नाई, त्याले मोजून काय भेटते?”

उकंडभाऊंनी चष्मा काढला. पुसला. मला वाटलं, आता हे हद्द काढतात, नाला कोणाचा विचारतात! देवा, आत्ता नको, असं मी मनात म्हटलं.

“आजी, माहं नाव उकंडा हाय,” ते म्हणाले.

म्हातारी धुरी द्यायची थांबली. असं बघत राहिली की जणू त्यांना आत्ताच पाहते आहे. मला काहीच कळेना. नाव ते नाव. जुन्या लोकांत अशी उकिरड्यावरून ठेवलेली नावं असतात, आम्ही हसतोही त्यावर. पण म्हातारीला त्या एका नावात सगळं समजलं.

“उकंड्यावर टाकलं होतं काय रे बावा तुले?”

“टाकलं होतं ना. झाल्या झाल्या शेनाच्या उकंड्यावर ठेवलं आनी शेजारनीनं उचलून आनून मायच्या वटीत टाकलं. म्हंजे हे आपलं नाई, फेकलेलं हाय, असं समजून तरी देवानं नेऊ नये.”

“आंधीचे किती गेलते?”

“तीन. दोन पोरं, एक पोरगी. त्यायचं कुठंच काई नाई, आजी. ना नाव, ना नोंद, ना जागा. पन माह्या मायले कोनी इचारलं का लेकरं किती, थे म्हने चार. लोकं हासत. म्हनत, बुढीले मोजता येत नाई. बापबी चिडे. तरी थे चारच म्हने. मरेस्तोवर म्हनली.” त्यांनी चष्मा परत घातला, पण तो तिरपा बसला होता. “आता माय नाई. मी तीन सोडून एक म्हनलो, तं थे तिघं झालेच नाई ना मंग.”

शेगडीतला ओवा जळून काळा झाला तरी म्हातारी हलली नाही. मला रडू येत होतं आणि मी ते येऊ दिलं. अहो, किती वेळा या माणसाला आम्ही विचारलं होतं, तिघं कुठं असतात म्हणून! खाणीत काय, साधू काय!

उकंडभाऊ उंबऱ्यापलीकडून पुन्हा म्हणाले, अगदी हळू, टीव्हीशी बोलतात तसं, “माय, तुले किती झाले?”

मंदा भिंतीकडून वळली.

“दोन,” ती म्हणाली. “पोरगा मोठा होता. रडला होता भाऊ त्यो. म्या आयकलं.”

“रडला ना? मंग तं मोजनंच हाय,” उकंडभाऊ म्हणाले.

आजीनं उठून नातीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि मंदा तिच्या पोटाशी तोंड घालून मोठ्यानं रडली. बहुतेक त्या घरात पहिल्यांदाच.

परत आल्यावर खरा तमाशा. तिकडचा दवाखाना म्हणे, नाला आमच्याकडं येत नाही. नाल्यापलीकडचं केंद्र म्हणे, आमच्याकडं येत नाही. मी उकंडभाऊंना म्हटलं, बोला आता, हद्द पाहा आधी! तर हा माणूस मलाच म्हणतो, “हद्द राहू द्या म्याडम. कागदपत्राचं मी त्या दोघायच्या मांगं लागतो. तवरोक आपल्यात घ्या त्याले.”

आमचे डॉक्टर ओरडले. बालमृत्यू स्वतःहून अंगावर घ्यायचा? बैठकीत मला उभं करतील! उकंडभाऊ म्हणाले, “करू द्या उभं. माह्या बाजूले उभे राहाजा.” आणि खरंच दोघांनाही उभं केलं. मी मागच्या खुर्चीवर बसून बघत होते. डॉक्टर घाम पुसत होते आणि उकंडभाऊ शांतपणे, प्रश्न विचारणाऱ्या साहेबांना विचारत होते, “साहेब, कुठं मोजलं तुमाले?”

पुढं मंदा सासरी परत आली. तिच्या ओळी आता एकदाच्या एक झाल्या आहेत, नाव मात्र आमच्या टीव्हीवर पल्लवीच आहे आणि आम्ही सगळे मंदा म्हणतो, त्यामुळं शोधायला अजून वेळ लागतो. लसीकरणाच्या दिवशी ती मुलीला घेऊन आली. आमच्याकडं सिस्टर नवीन बदलून आल्या होत्या. सुई भरता भरता त्यांनी विचारलं, “पहिलंच का गं?”

“नाई. दुसरी हाय हे. इचा मोठा भाऊ हाय ना.”

“हो का? मग त्यालाही आणायचं ना, त्याचेही डोस बघितले असते. किती मोठा आहे? बाहेर आहे का?” सिस्टरनी मान वर करून दाराबाहेर बघितलं. व्हरांडा बघितला, निंबाखाली बघितलं. कुठंच पोरगा दिसेना. मग त्या माझ्याकडं बघायला लागल्या.

मंदानं मुलीचं टोपरं सारखं केलं.

खोलीच्या पलीकडच्या टोकाला उकंडभाऊ चष्मा पुसत उभे होते. तिथूनच म्हणाले, “लिवा सिस्टर. बरोबर सांगून राह्यली थे.”